हाताला चव आहे, पण बरणीला भाव किती लावायचा?

जानेवारी उजाडला की हिंगोली जिल्ह्यात हळदीची काढणी सुरू होते. शेतात हळद शिजवायची, वाळवायची गडबड आणि घरात ओल्या हळदीचं लोणचं. पाहुण्यांना जाताना एक बरणी दिली जाते आणि मग कोणीतरी म्हणतंच, "वहिनी, तुम्ही हे विकायलाच काढा की!"

बऱ्याच वहिनी काढतातही. लोणचं खपतं, कौतुक होतं आणि वर्षभराने लक्षात येतं की हातात काहीच उरलं नाही.

का? हिशोब मांडून बघू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही टाका.

समजा 5 किलो लोणचं घातलं, म्हणजे पाव किलोच्या 20 बरण्या. हळद, लिंबू, तेल, मसाला 600 रुपये. बरण्या आणि लेबल 240. गॅस 60. झाले 900, म्हणजे बरणीला 45 रुपये. विकली 60 ला, सुटले 15. छान वाटतं ना?

आता हीच बरणी किराणा दुकानात ठेवा. दुकानदार 20 टक्के घेतो असं धरलं तर 12 रुपये गेले. उरले 3. वीस बरण्यांचे मिळून 60 रुपये, आणि हळद सोलण्यापासून बरण्या भरण्यापर्यंत गेले 6 तास. तासाला 10 रुपये!

गडबड अशी की खर्चाच्या यादीत तेल असतं, बाईचे कष्ट नसतात. घरचंच काम म्हणून ते धरलेच जात नाहीत. तासाला 60 रुपये धरले तर बरणी 63 ला पडते आणि दुकानातून विकायची तर 80 च्या आसपास जाते. "एवढ्याला कोण घेणार?" हा प्रश्न रास्त आहे. मग थेट व्हॉट्सॲपवर विका, एकावेळी जास्त घाला किंवा दुसरा पदार्थ निवडा. पण कंपनीच्या बरणीकडे बघून भाव पाडू नका. त्यांचा माल मशिनवर निघतो.

दुसरी अडचण भांडवलाची, आणि ती जुनी आहे. मुंबईच्या गिरणगावात गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका किराणा उधारीवर आणायच्या, वर सावकाराचं व्याज. तारण नाही म्हणून बँक दारात उभी करायची नाही. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अशा बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. पुढे 2002 मध्ये पुरव यांना पद्मश्री मिळाली.

आज बचत गटांची वाट आहे. केंद्राने 2020 मध्ये सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी पीएमएफएमई योजना आणली. त्यात 'एक जिल्हा एक उत्पादन'मध्ये हिंगोलीच्या वाट्याला हळदच आली. प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख अनुदान. बचत गटातल्या अन्नप्रक्रिया करणाऱ्या सदस्याला 40 हजारांपर्यंत बीजभांडवल. फक्त हे अनुदान कर्जाला जोडलेलं आहे, आधी बँकेने कर्ज मंजूर करावं लागतं. अर्ज सध्या घेतले जातायत का, हे तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या.

आता कागदपत्रं. घरच्या स्वयंपाकघरातून विकत असलात तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते. छोट्या उलाढालीला साधी नोंदणी पुरते, ती फॉस्कॉस पोर्टलवर होते. मिळालेला 14 अंकी नंबर लेबलवर टाकायचा. सोबत घटक, वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत खावं ते, तुमचा पत्ता आणि शाकाहारी पदार्थाचा हिरवा ठिपका.

लोणच्यासोबत हळद पावडर विकणार असाल तर ती सुटी विकता येत नाही, पॅकच करावी लागते. आणि वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे म्हणून त्याचा लोगो कोणीही पाकिटावर छापू शकत नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी असते.

ओली हळद मिळते ती दोन-तीन महिनेच. त्यामुळे नोंदणी आणि लेबलचं काम दिवाळीनंतर लगेच काढा आणि पहिल्या लोणच्याला बसताना घड्याळात किती वाजले ते वहीत लिहून ठेवा.