ईमान सातबाऱ्यावर चढत नाही

घरातले वडीलधारे माणूस अंथरुणाला खिळले की आपल्याकडे सगळे जमू लागतात. मुंबई-पुण्याहून मुले येतात, आखातातला मुलगा रजा टाकून निघतो. कुणी उशाशी यासीन पढते, कुणी चमच्याने जमजम पाजते. आणि दुसऱ्या खोलीत हळू आवाजात वेगळीच बोलणी चाललेली असतात. शेत कुणाच्या नावावर आहे, फ्लॅटचे कागद कुठे ठेवलेत, अम्मी कुणाकडे राहतील. हे विचारणे गैर नाही. वारशाचे हिस्से तर अल्लाहने स्वतः कुरआनात ठरवून दिले आहेत. पण एक प्रश्न त्या घरात सहसा कुणीच विचारत नाही.

तो प्रश्न हजारो वर्षांपूर्वी एका बापाने शेवटच्या घटकेला आपल्या मुलांना विचारला होता. ते बाप म्हणजे हजरत याकूब (अ.स.). त्यांचेच दुसरे नाव इस्राईल. त्यांच्या बारा मुलांपासून जी कौम वाढली ती बनी इस्राईल. सूरह बकराच्या १३३ व्या आयतीत तो प्रसंग आला आहे. मी गेल्यावर तुम्ही कुणाची बंदगी करणार, एवढेच त्यांनी विचारले. मुलांनी सांगितले की तुमच्या आणि तुमच्या वाडवडिलांच्या, म्हणजे इब्राहीम, इस्माईल आणि इसहाक यांच्या त्याच एका अल्लाहची, आणि आम्ही त्याचेच आज्ञाधारक आहोत.

विचार करा, ही मुले कुणाची होती? बाप नबी, आजोबा नबी, पणजोबा खलीलुल्लाह, भाऊ युसूफ (अ.स.) तेही नबी. अशा घरात हा प्रश्न विचारायची गरजच काय होती? पण याच मुलांपैकी काहींनी धाकट्या भावाला विहिरीत टाकले होते आणि सदऱ्याला खोटे रक्त लावून बापासमोर उभे राहिले होते. पुढे त्यांनी चूक कबूल केली आणि आमच्या माफीसाठी दुआ करा, अशी बापाकडेच विनंती केली. याकूब (अ.स.) यांना ठाऊक होते की नबीच्या घरात जन्मल्याने कुणी आपोआप नेक होत नाही. ईमान सातबाऱ्यावर चढत नाही. प्रत्येक पिढीला ते नव्याने कबूल करावे लागते.

बनी इस्राईलचा पुढचा सगळा इतिहास या एका प्रश्नाला निरनिराळ्या पिढ्यांनी दिलेली उत्तरे आहेत, असे आम्हाला वाटते.

घर हाच किब्ला

हजरत युसूफ यांच्यामुळे हे कुटुंब मिस्रमध्ये मानाने येऊन वसले. पिढ्या उलटल्या, राज्यकर्ते बदलले आणि तीच कौम गुलाम झाली. फिरऔन त्यांच्या मुलांना मारून टाकी आणि मुलींना जिवंत ठेवी. अशा काळात हजरत मूसा (अ.स.) आले. सूरह युनूस सांगते की आरंभी त्यांच्यावर ईमान आणले ते त्यांच्या कौमच्या थोड्याशा तरुण पोरांनी, तेही फिरऔनच्या दहशतीखाली. मोठी माणसे हिशेब करत राहिली, तरुण पुढे झाले. आजकालच्या पोरांना दीनची काही पडलेली नाही, असे म्हणणाऱ्या आपणा मोठ्यांनी ही आयत थांबून वाचावी.

त्याच सूरहच्या ८७ व्या आयतीत मूसा आणि हारून (अ.स.) यांना हुकूम होतो की कौमसाठी मिस्रमध्ये घरे करा, त्या घरांनाच किब्ला बनवा आणि नमाज कायम करा. उघडपणे इबादत करणे जिवावर बेतणारे असताना अल्लाहने ईमानाच्या रक्षणाची जबाबदारी सोपवली ती घरावर.

समुद्र ओलांडला, मिस्र सुटले नाही

मग तो दिवस उजाडला. समोर समुद्र, मागे फौज. लोक घाबरून म्हणाले, आता सापडलो. मूसांचा भरवसा मात्र तसूभर हलला नाही. समुद्र दुभंगला, पाणी दोन्ही बाजूंना डोंगरासारखे उभे राहिले आणि सारी कौम पार झाली.

इतका मोठा चमत्कार डोळ्यांनी पाहिलेली पिढी किती काळ टिकावी? पलीकडे मूर्तीपुढे बसलेले लोक दिसताच तिने मूसांकडे मागणी केली की आम्हालाही असाच एक देव करून द्या. पुढे मूसा चाळीस रात्रींसाठी तूरवर गेले आणि इकडे सामिरीने दागिन्यांचे वासरू घडवले. वासरूच का? मिस्रमध्ये बैलाला पूज्य मानत. मेम्फिस शहरात ‘एपिस’ नावाच्या बैलाची पूजा होत असे. जे पिढ्यान् पिढ्या आजूबाजूला पाहिले तेच मनात मुरले होते. माणसे मिस्रमधून बाहेर पडली, पण मिस्र त्यांच्यातून बाहेर पडले नव्हते.

चमत्कार पाहून डोळे दिपतात, सवयी बदलत नाहीत. एखाद्या तरावीहमध्ये ढसाढसा रडलेले आपण ईदच्या दुसऱ्या दिवशी फजरला कुठे असतो, हे आपले आपल्यालाच माहीत.

चाळीस वर्षे कशासाठी?

यानंतरची परीक्षा आज्ञापालनाची होती. मूसांनी सांगितले की अल्लाहने तुमच्यासाठी लिहिलेल्या पवित्र भूमीत चला. कौमने उत्तर दिले की तिथे बलदंड लोक राहतात, तू आणि तुझा रब जाऊन लढा, आम्ही इथेच बसतो. अल्लाहला भिणाऱ्या दोघांनी तेवढी हिंमत दिली. मुफस्सिरीन त्यांची नावे यूशा बिन नून आणि कालिब अशी सांगतात. त्यांचे कुणी ऐकले नाही. मग फैसला झाला की ही भूमी चाळीस वर्षे त्यांच्यावर हराम, तोवर त्यांनी रानोमाळ भटकावे.

चाळीसच वर्षे का? इब्न खल्दून यांनी १३७७ साली लिहिलेल्या ‘मुकद्दिमा’त याचा विचार केला आहे. ते म्हणतात की गुलामीत आणि अपमानात वाढलेल्या पिढीची हिंमतच मेली होती. एक पिढी संपून दुसरी उभी राहायला निदान चाळीस वर्षे लागतात. जिने फिरऔनचा चाबूक पाहिलेला नाही, जी मोकळ्या रानात वाढली, तीच पिढी पुढे जाऊ शकणार होती. आणि तसेच झाले. मूसा आणि हारून यांच्या पश्चात नवी पिढी यूशा यांच्या नेतृत्वाखाली पवित्र भूमीत गेली. म्हणजे ती शिक्षा होती, आणि तालीमही होती.

पुढे तालूतच्या काळात नदीवर परीक्षा झाली. ओंजळभराहून जास्त पाणी प्यायचे नाही, एवढाच हुकूम होता. बहुतेकांनी पोटभर प्यायले. जे थोडे टिकले त्यांनीच जालूतचा सामना केला आणि त्यांच्यातल्या दाऊद (अ.स.) यांनी त्याला ठार केले. बुखारी शरीफमध्ये आहे की सहाबा आपसांत म्हणत, बद्रमध्ये आपण जितके होतो तितकेच तालूतबरोबर नदी पार करणारे होते, तीनशे दहाच्या थोडे वर.

बद्रचीच आणखी एक आठवण. हिजरी सन २, समोर तिपटीने मोठी फौज. तेव्हा हजरत मिकदाद (रजि.) पुढे होऊन प्रेषित मुहम्मद (स.) यांना म्हणाले की मूसांची कौम जे बोलली ते आम्ही बोलणार नाही, आम्ही तुमच्या उजवीकडून, डावीकडून, पुढून आणि मागून लढू. आपल्या रसूलचा चेहरा आनंदाने उजळला. बनी इस्राईलचे किस्से ऐकायचे कसे, हे मिकदाद (रजि.) यांनी शिकवले. दुसऱ्याची चूक ऐकून जीभ चालवायची नसते, आपले पाऊल सावरायचे असते. कुरआनात हजरत मूसांचे नाव १३६ वेळा आले आहे, इतर कुठल्याही नबीपेक्षा जास्त. ते आपल्याला दुसऱ्यांना नावे ठेवता यावीत म्हणून नव्हे.

नावाचे वारस

सूरह आराफच्या १६९ व्या आयतीत आणखी एका पिढीचे चित्र आहे, आणि ते वाचताना आम्हाला दर वेळी आरशात पाहिल्यासारखे होते. या पिढीला किताब वारशात मिळाली. ती या दुनियेचा क्षुल्लक माल गोळा करते आणि म्हणते की आपल्याला माफी मिळेलच. तसाच माल पुन्हा समोर आला की पुन्हा हात पुढे. किताब घरात आहे, तिच्यात काय लिहिले आहे तेही ठाऊक आहे, भरवसा मात्र खानदानावर.

इब्न खल्दून म्हणतात की घराण्याची थोरवी साधारण चार पिढ्या टिकते. पहिला ती कष्टाने उभारतो. दुसरा त्याच्याजवळ राहून शिकतो. तिसरा नुसती नक्कल करतो. चौथ्याला वाटते, हा मान आपल्याला जन्मानेच मिळाला आहे, आणि तो सारे घालवून बसतो. आपली पिढी यातली कितवी, हे ज्याने त्याने आपल्या घरात बसून ठरवावे.

पण सगळे सारखे नव्हते, हेही कुरआनच सांगतो. मूसांच्या कौममध्ये हक्काने वाट दाखवणारे आणि हक्काने न्याय करणारे लोकही होते. त्याचा एक दाखला आपल्या कोकणातच आहे. अलिबागच्या परिसरातले बेने इस्राईल सांगतात की नवगावजवळ त्यांच्या पूर्वजांचे जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. किताबा गेल्या, आलिम कुणी नव्हते. ते तेल गाळू लागले, मराठी बोलू लागले, गावांवरून आडनावे पडली. पण शनिवारी त्यांचा घाणा बंद राही, म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणे. मुलांचा खतना चुकला नाही आणि अल्लाह एक आहे ही ग्वाही देणारी ‘शेमा’ ओठांवर राहिली. एवढे टिकले ते कशाच्या जोरावर? घराघरात मोठ्यांनी ते धाकट्यांकडून म्हणवून घेतले म्हणून. मग ज्यांच्या घरात कुरआन जसाच्या तसा आहे, हाकेच्या अंतरावर मशीद आणि मक्तब आहे, त्या आपली सबब काय?

आपल्या घरातला प्रश्न

आता पुन्हा याकूब (अ.स.) यांच्या उशाशी जाऊ. मुलांच्या उत्तरातला पहिला शब्द पाहा. ती म्हणाली, तुमच्या माबूदची. म्हणजे बाप कुणापुढे झुकतो हे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. दुःखात तो कुणाकडे गाऱ्हाणे मांडतो, हेही पाहिले होते. युसूफच्या विरहात रडून डोळे गेले तरी त्या बापाने आपले दुःख फक्त अल्लाहपुढे मांडले. प्रश्न शेवटच्या दिवशी विचारला, उत्तर मात्र घरात रोज तयार होत होते.

आपली मुले आपल्याला काय करताना पाहतात? अजान होते तेव्हा अब्बांची नजर मोबाइलवर असते का? दुकानात माप मारताना, लग्नात हुंडा ठरवताना, बहिणीचा हिस्सा दाबताना अम्मी-अब्बा कुणाला भितात? मुले हे बोलून दाखवत नाहीत, पण पाहतात.

मुहर्रमच्या दहा तारखेचा रोजा आपल्यापैकी अनेक जण ठेवतात. प्रेषित (स.) मदीन्याला आले तेव्हा तिथले यहुदी तो रोजा ठेवत होते, कारण त्या दिवशी अल्लाहने मूसांना फिरऔनपासून सोडवले. प्रेषितांनी स्वतः तो रोजा ठेवला आणि इतरांनाही ठेवायला सांगितले. यंदा इफ्तारीला दस्तरखानवर बसताना मुलांना ही हकीकत सांगा. समुद्राची गोष्ट त्यांना आवडेलच. पण तिथे थांबू नका, वासराचीही सांगा, चाळीस वर्षांचीही सांगा.

आणि मग कधीतरी, आजारपणाची वाट न पाहता, चांगल्या हातीपायी असताना, सगळे जेवायला बसले असताना तो प्रश्न विचारून पाहा. मुले काय उत्तर देतात ते ऐका. त्यांनी ‘तुमच्या अल्लाहची’ असे म्हणण्याआधी आपल्याकडे मान वर करून पाहिले, तर आपली नजर खाली जाऊ नये, इतके आपल्याकडून घडो. आमीन.