स्पीकरच्या पायाखाली काय असावं?

नव्या इमारतींत पायाखाली असतो काँक्रीटचा स्लॅब आणि वर टाइल्स किंवा ग्रॅनाइट. गालिचा भेदून पक्का आधार घेणारे टोकदार खिळे अशा फरशीवर मुख्यतः ओरखडेच पाडतात. त्यांनी आवाज सुधारला असं अनेकजण मनापासून सांगतात. पण खिळे बसवताना स्पीकरची उंची बदलते, डुगडुगणं थांबतं, त्याचाही परिणाम असतोच. म्हणून आधी वजनदार, न हलणारा स्टँड घ्यावा. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या रेषेत हवा, कारण तार स्वर अरुंद झोतात पसरतात. खालच्या मजल्यावरच्यांसाठी रबरी पॅड वापरावेत: स्पीकरच्या वजनाने 1 मिलिमीटर दबणारा पॅड अंदाजे 22 हर्ट्झच्या वरची कंपनं अडवू लागतो, दगडासारखा कडक पॅड जवळजवळ काहीच नाही. हवेतून जाणारा बास मात्र आवाज कमी केल्यानेच कमी होतो.