आद्याक्षरं तुमचीच

२०१३ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या ट्रेडमार्क अपील मंडळापुढे एक चमत्कारिक प्रकरण निकाली निघालं. इटलीतल्या एका चामड्याच्या कंपनीला ना नाव नोंदवायचं होतं, ना चित्र, ना अक्षर. तिला वीण नोंदवायची होती. ८ ते १२ मिलिमीटर रुंदीच्या एकसारख्या चामडी पट्ट्या, एक खालून एक वरून गेलेली, आणि ती सगळी गुंफण वस्तूवर ४५ अंशांत तिरकी बसवलेली. नोंदणी परीक्षकानं आधी अर्ज फेटाळला होता. ही शोभा झाली, ओळख नव्हे, असं त्याचं म्हणणं. मंडळानं तो निर्णय फिरवला. लोक ही वीण पाहूनच कंपनी ओळखतात, हे मंडळाला पटलं.

कंपनी म्हणजे बोत्तेगा वेनेता. बॅगेच्या अंगावर नाव न लिहिणारी म्हणून जिची ख्याती, तिला हे न लिहिलेलं नाव शेवटी कायद्याच्या दारात जाऊन पक्कं करून घ्यावं लागलं. गाजावाजा न करता उत्तम माल देणाऱ्या कंपन्यांचा कुणी शोध घेऊ लागलं की बोत्तेगाचं नाव पहिल्या दोन-तीनांत येतंच. पण तिच्या जवळपास साठ वर्षांच्या वाटचालीकडे मागं वळून पाहिलं, तर ‘बिनानावाची’ राहणं किती महागात पडतं आणि कुणाला परवडतं, हे जास्त दिसतं.

१९६६ साली मिकेले ताद्देई आणि रेंझो झेंजारो यांनी उत्तर इटलीतल्या विचेंझा इथं हा कारखाना काढला. तो भाग मुळात तयार कपड्यांचा. कंपनी सांगते ती हकिगत अशी, की तिथली शिलाई यंत्रं कापडाच्या बेताची होती. जाड चामडं त्यांच्या सुईला झेपेना. म्हणून मऊ, पातळ चामडं घेतलं. पण त्याची बॅग केली तर ती ओझ्यानं ताणली जाणार, फाटणार. तेव्हा त्या चामड्याच्या पट्ट्या काढून त्या एकमेकींत गुंफल्या आणि पातळ चामड्याला बळ आणलं. या गुंफणीला तिकडे इंत्रेचातो म्हणतात. आज जिच्यापायी लोक लाखांनी रुपये मोजतात ती नक्षी म्हणजे मुळात एक जुगाड होता.

नाव वस्तूच्या बाहेर लावायची रीत तोवर चांगली रुळली होती. तिच्याही मुळाशी मिरवणं नव्हतंच. १८९६ साली जॉर्ज व्हितॉंनं ट्रंकांच्या कापडावर वडिलांची, म्हणजे लुई व्हितॉंची, आद्याक्षरं आणि फुलं छापली ती नक्कल करणाऱ्यांना आळा बसावा म्हणून. १९३३ पासून टेनिसपटू रने लाकोस्तच्या सदऱ्यांवर छातीशी मगर दिसू लागली. आत शिवलेली चिठ्ठी अशी हळूहळू बाहेर आली आणि बाहेर आल्यावर तिला बाहेरचंच वारं लागलं.

सत्तरच्या दशकात बोत्तेगानं जाहिरातीत नेमकं उलटं वाक्य वापरलं. तुमची स्वतःची आद्याक्षरं पुरेशी असतात तेव्हा, अशा अर्थाचं. वाक्य वरवर नम्र आहे; प्रत्यक्षात ते गिऱ्हाइकाला भलतंच चढवणारं आहे. ज्याला दुसऱ्याच्या नावाचा टेकू लागतो त्यानं पलीकडच्या दुकानात जावं, असा त्यातला भाव. न्यूयॉर्कमधल्या पैसेवाल्यांना तो बरोबर कळला. १९८० च्या ‘अमेरिकन जिगोलो’ या चित्रपटात लॉरेन हटननं काखेत धरलेली विणलेली लाल-तपकिरी बॅग बोत्तेगाचीच होती. सूपच्या डब्यांची चित्रं काढून ब्रँडच्या खुणांनाच कलेत आणणाऱ्या अँडी वॉरहॉलनं १९८५ मध्ये या कंपनीसाठी एक छोटी फिल्म केली. लोगोंचा चित्रकार बिनलोगोच्या दुकानाचा चाहता, हे मला अगदी त्याच्या स्वभावाला धरून वाटतं.

मग पडझड. नव्वदच्या दशकात लोगोंची लाट इतकी उंच गेली की पट्ट्यापासून चपलेपर्यंत प्रत्येक वस्तू अक्षरांनी भरली. बोत्तेगाचाही धीर सुटला. मालावर अक्षरं आली, कपडे फॅशनच्या मागे धावू लागले. जुन्या गिऱ्हाइकाला ते रुचलं नाही आणि नव्याला, लोगोच हवा तर, बोत्तेगापेक्षा मोठी नावं मिळत होती. दशक संपता संपता कंपनी डबघाईला आली. २००१ साली गुच्ची समूहानं तिचा मोठा हिस्सा विकत घेतला. गुच्ची म्हणजे त्या काळातल्या लोगोबाजीतलं अग्रगण्य नाव. अक्षरांत बुडालेल्या बोत्तेगाला वर काढलं ते अक्षरांवर श्रीमंत झालेल्या समूहानं.

कलादिग्दर्शक म्हणून आला टोमास मायर, जर्मनीतल्या फोर्त्सहाइमचा, आधी एर्मेसमध्ये नऊ वर्षं काढलेला. त्यानं पहिली गोष्ट केली ती लोगो काढून टाकण्याची. चकाकणारी कड्या-बकलं कमी केली. आणि ‘काबात’ नावाची एक बॅग आणली, जिच्याबद्दल जरा थांबून सांगायला हवं. दिसायला ती बाजाराची पिशवी: वर उघडी, दोन बंद, चेन नाही, कप्पे नाहीत. अस्तरही नाही. चामड्याचे दोन पातळ थर पाठीला पाठ चिकटवून त्यांच्या पट्ट्या काढतात, त्यामुळे आतली बाजू बाहेरच्याइतकीच देखणी असते. एक बॅग विणायला दोन कारागिरांना दोनेक दिवस लागतात. अस्तर हे चामड्याच्या धंद्यात पांघरूण असतं. त्याखाली ओबडधोबड कडा, गोंदाचे डाग, पुठ्ठा, काहीही खपून जातं. मायरनं ते पांघरूणच काढलं. लोगो नसलेली वस्तू घेताना काय पाहावं असं कुणी विचारलं तर मी आधी हेच सांगेन: आत हात घाला. शिवण जिथं संपते तिथं टाका कसा बंद केलाय, कड रंगवून झाकलीय की घासून गुळगुळीत केलीय, बंद ज्या जागी जोडलाय तिथलं चामडं दुहेरी आहे का, हे पाहा. बाहेरची बाजू कुणीही सजवतं.

२००६ मध्ये कंपनीनं विचेंझात चामडं-कारागिरीची स्वतःची शाळा काढली, कारण ही वीण घालणारे हात म्हातारे होत चालले होते. आणि २०१३ मध्ये, ट्रेडमार्कचा निकाल लागला त्याच वर्षी, विक्री १०० कोटी युरोंच्या वर गेली. मधल्या काळात, २०१० साली, यंग जी हान, जोसेफ न्यून्स आणि झेवियर ड्रेझ या तीन अभ्यासकांनी ‘जर्नल ऑफ मार्केटिंग’मध्ये महागड्या बॅगांचा अभ्यास मांडला. एकाच ब्रँडच्या बॅगांत लोगो जितका ठळक तितकी किंमत कमी, असं त्यांना आढळलं. सर्वांत श्रीमंत गिऱ्हाइकाला फक्त आपल्यासारख्यांनी ओळखावं एवढंच हवं असतं. इतरांना कळलं नाही तरी त्याचं काही अडत नाही. किंबहुना कळू नये यासाठीच तो जास्त पैसे देतो. हे समजलं की ‘साधेपणा’ हा शब्द या व्यापारात जरा जपूनच वापरावासा वाटतो.

मायर सतरा वर्षं राहिला. २०१६ मध्ये पन्नाशीच्या सोहळ्यात मिलानच्या ब्रेरा अकादमीत बहात्तर वर्षांची लॉरेन हटन त्याच जुन्या बॅगेची नवी प्रत काखेत घेऊन चालली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच वर्षी विक्री मात्र घसरली. लोगो पुन्हा जोरात आले होते. २०१८ मध्ये मायर गेला, डॅनियल ली आला. त्यानं विणीच्या पट्ट्या मोठ्या केल्या, ढगळ ‘पाउच’ काढला आणि पोपटी हिरवा रंग असा काही पसरवला की नाव वाचायची गरजच उरली नाही. २०२१ च्या जानेवारीत कंपनीनं आपलं इन्स्टाग्राम खातं पुसून टाकलं. मौनाचा केवढा गवगवा झाला! पुढच्याच जानेवारीत, चिनी नववर्षाच्या निमित्तानं, चीनच्या भिंतीवर एक अवाढव्य पडदा लागला आणि त्यावर शुभेच्छांशी आलटून पालटून झळकलं ‘बोत्तेगा वेनेता’. बॅगेवर चार अक्षरं लिहायला लाजणाऱ्या कंपनीनं नाव लिहायला जागा निवडली ती ही.

लीनंतरच्या मात्यू ब्लाझीनं मात्र मला आवडणाऱ्या दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे साधी जीन्स वाटावी असा चामड्याचा पोशाख. चामड्यावर डेनिमचा पोत छापलेला, हात लावल्याशिवाय कळणार नाही असा. दुसरी जास्त कामाची: २०२२ च्या अखेरीपासून बॅगांसोबत आयुष्यभराच्या दुरुस्तीचं प्रमाणपत्र. वस्तू परत आपल्याच टेबलावर येणार हे माहीत असलेला कारखाना ती बनवताना वेगळा विचार करतो.

२०२३ मध्ये या सगळ्याला ‘क्वाएट लक्झरी’ असं नाव मिळालं. ‘सक्सेशन’ मालिकेतल्या अब्जाधीशांच्या बिनखुणेच्या टोप्यांवर लेख येऊ लागले, लोरो पियाना आणि ब्रुनेलो कुचिनेली ही महागड्या लोकरी कपड्यांची नावं ज्यांनी कधी काश्मिरी लोकर हातात घेतली नव्हती त्यांच्याही तोंडी आली. आता बिनलोगोची टोपी हाच लोगो झाला. फॅशन डिझायनर मार्टिन मार्जेलाच्या कपड्यांचं असंच झालं होतं: १९८८ पासून आतल्या कोऱ्या चिठ्ठीचे चार पांढरे टाके पाठीवर बाहेरून दिसायचे, आणि बघता बघता ते चार टाकेच लोक शोधू लागले.

लोरो पियानाचं पुढचं प्रकरण अधिक गंभीर आहे. १९२४ पासूनची ही लोकर-कापडाची कंपनी. २०१३ मध्ये लुई व्हितॉंच्या मालक समूहानं, एलव्हीएमएचनं, तिचा ८० टक्के हिस्सा २०० कोटी युरोंना घेतला. २०२५ च्या जुलैत मिलानच्या न्यायालयानं ती एक वर्षासाठी न्यायालयीन देखरेखीखाली ठेवली. तिचे काश्मिरी कोट कंत्राटदाराकडून उपकंत्राटदाराकडे जात जात अशा कारखान्यांत शिवले जात होते जिथं कामगारांची पिळवणूक होत होती, आणि कंपनीनं पुरेसं लक्ष ठेवलं नाही, असा ठपका होता. कंपनीचं म्हणणं, आपल्याला कळताच त्या पुरवठादाराशी संबंध तोडले. काहीही असो, बाहेर लोगो नाही म्हणजे आत सगळं स्वच्छ आहे, हा समज तिथं संपला.

त्याच उन्हाळ्यात हा विषय आपल्या दारात आला. २२ जून २०२५ रोजी मिलानमध्ये प्राडाच्या पुरुषांच्या कपड्यांच्या शोमध्ये मॉडेलच्या पायात उघडउघड कोल्हापुरी दिसली. सोबतच्या माहितीत फक्त ‘चामड्याच्या सँडल’ असं म्हटलेलं. कोल्हापुरीला पिढ्यान् पिढ्या कधीच लोगो नव्हता. वरची वेणी किती बारीक, कानवली कशी बसवलीय, तळ किती जाड आणि नवी असताना कशी करकरते, यावरून ती पारखायची. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. पण ते संरक्षण ‘कोल्हापुरी’ या नावाला. प्राडानं नाव वापरलंच नव्हतं. विचेंझाच्या विणीला मिलिमीटर नि अंशांसकट जे कवच मिळालं होतं, ते इथल्या वेणीला नव्हतं. नाव न लिहिण्याची चैन करायला आधी वकील ठेवण्याची ऐपत लागते, आणि आपल्या चर्मकारांकडे ती कधी नव्हती.

ओरड झाल्यावर प्राडानं प्रेरणा भारतीय पादत्राणांची असल्याचं मान्य केलं. याच प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयात दाखल झालेली जनहित याचिका जुलैत फेटाळली गेली. मानांकनाचे नोंदणीकृत धारक आहेत, त्यांनी यावं, असा न्यायालयाचा रोख होता. ते धारक म्हणजे आपलं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकातलं लिडकर. डिसेंबरात प्राडानं या दोन्ही महामंडळांशी करार केला: २,००० जोड, इथल्या कारागिरांच्या हातचे, किंमत जोडामागे ८०० युरोंच्या आसपास. यावेळी कोल्हापुरीचा उल्लेख नावातच आहे, प्राडाच्या मागोमाग.