विश्लेषण : दहावीचे सवलतीचे गुण… नियम सर्वांना सारखा, मग संधी का नाही?

दहावीच्या निकालात 100 टक्के गुण पाहिले की अनेकांना प्रश्न पडतो, भाषेच्या पेपरातही पैकीच्या पैकी? त्यामागे बऱ्याचदा कला आणि क्रीडा प्रकारांचे सवलतीचे गुण असतात. नियम सर्वांना सारखाच आहे. त्या गुणांपर्यंत पोहोचण्याचा खर्च मात्र ज्याच्या त्याच्या घराने करायचा असतो.

किती गुण मिळतात?

शासकीय इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ‘अ’ श्रेणीला 7, ‘ब’ला 5 आणि ‘क’ला 3 गुण मिळतात. शास्त्रीय गायन, वादन, नृत्य, लोककला आणि क्रीडा स्पर्धांनाही गुण आहेत. 500 पैकी 7 गुण म्हणजे 1.4 टक्के. अकरावीच्या गुणवत्ता यादीत एवढ्या फरकाने कॉलेज बदलू शकते.

पैसा कुठे आडवा येतो?

चित्रकला त्यातल्या त्यात स्वस्त. शाळेत कलाशिक्षक असेल तर तयारी तिथेच होते. शास्त्रीय संगीताचे गणित वेगळे आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘प्रारंभिक’ ते ‘मध्यमा पूर्ण’ या पाच परीक्षांचा अभ्यासक्रम साधारण पाच वर्षांचा. म्हणजे तेवढी वर्षे क्लासची फी, वाद्य, परीक्षा शुल्क आणि मुलाला नेण्या-आणण्यासाठी घरात मोकळे माणूस हवे. खेळातही तेच. कबड्डी, खो-खोला मैदान पुरते. जलतरण, नेमबाजी, टेनिसला साहित्य आणि प्रशिक्षकाची फी लागते.

फक्त फीचाच प्रश्न आहे का?

नाही, वेळेचाही आहे. ऊसतोडणीचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च चालतो. आई-वडिलांबरोबर फडावर गेलेल्या मुलाचा सराव तुटतो, स्पर्धाही हुकते. शाळा सुटल्यावर धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुलीला संध्याकाळचा क्लास फुकट असला तरी जमत नाही.

शाळेची जबाबदारी काय?

शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार प्रत्येक शाळेला मैदान हवे. सहावी ते आठवीसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणाचे अंशकालीन निदेशकही हवेत. पण पटसंख्या 100 पेक्षा जास्त असेल तरच. वाडी-वस्तीवरची छोटी शाळा इथेच सुटते. ज्या मुलांचे पालक खासगी क्लास लावू शकत नाहीत, त्यांच्याच शाळेत कलाशिक्षक नसतो.

पालकांनी काय करावे?

सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत मंडळाकडे जातो. त्यामुळे आठवीतच मुख्याध्यापकांना विचारा : चित्रकला परीक्षेला शाळा मुले बसवते का? आंतरशालेय स्पर्धांसाठी संघ पाठवते का? दहावीच्या वर्षी प्रमाणपत्रे वेळेत द्या.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 म्हणते, अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांत भिंत नको. मग गणिताला जसा शिक्षक लागतो, तसा कला-क्रीडेलाही प्रत्येक शाळेत लागेल. तोवर या गुणांत मुलाच्या मेहनतीबरोबर घरची ऐपतही मोजली जात राहील.