उपनगरातली सदाहरित झुडपे : जुनिपर आणि करवंद

मुलुंड-बोरिवलीच्या नव्या सोसायट्यांतील बागा पाहताना मी एकच प्रश्न मनाशी धरला होता : जमिनीलगत पसरणारे, बारा महिने हिरवे राहणारे झुडूप इथे कोणते टिकेल?

नर्सरीत जुनिपर सुचवले जाते. नाव परके वाटले, तरी आयुर्वेदातली ‘हपुषा’ म्हणजे जुनिपरचेच फळ मानतात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते फळही नव्हे. मांसल खवल्यांचा तो शंकू. जुनिपर मुळात थंड प्रदेशांतले. हिमालयात ते ३,००० मीटरच्या वरही वाढते; उतारावर पाणी थांबत नाही. मुंबईत मात्र पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पार्किंगच्या स्लॅबवरच्या उथळ मातीत पाणी साचले, की मुळे कुजतात. शिवाय पाने झडलेल्या जुन्या फांदीला जुनिपर सहसा पुन्हा फुटत नाही. तपकिरी पडलेला भाग तसाच राहतो.

करवंदाचे उलट आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील खडकाळ उतारांवर ते धुवांधार पाऊस आणि पुढचे कोरडे महिने दोन्ही सोसते. छाटले की जोमाने फुटते. त्याच्या बियांची रुजण्याची शक्ती लवकर जाते, म्हणून पिकल्या फळांतले ताजे बी जूनमध्येच पेरावे. रोपे तीन फुटांवर लावली, की दाट कुंपण होते. काटे असल्याने मुलांच्या खेळाच्या जागेपासून मात्र ते दूर हवे.

पुनर्विकासात जुनी कुंपणे जात आहेत. करवंदाचे रोप मागणारे कोणी उरले नाही, तर ते ठेवणारी नर्सरीही उरणार नाही.