हाताला मुंग्या, मानेला ओढ : लिहिणाऱ्या आणि राबणाऱ्या हातांविषयी



या पानावर आम्ही बेणे, खत, पाणी आणि तोडणी यांविषयी लिहीत असतो. या वेळी त्या उसाच्या नोंदी ज्या हाताने होतात, त्या हाताविषयी लिहावे असे ठरविले आहे. गळीत हंगामात गट कार्यालयातील लिपिक, वजनकाट्यावरील कर्मचारी आणि शेतातला चिटबॉय यांचे हात दिवसभर एकाच पद्धतीने चालतात. आमच्या खात्यात दर हंगामात कोणी ना कोणी म्हणतोच, "साहेब, रात्री हात भरून येतो, बोटांना मुंग्या येतात, पेन हातातून गळतं." ऐकणारा म्हणतो, "कामाचा कंटाळा, दुसरं काय!" ही समजूत चुकीची आहे व त्यापायी चांगले हात निकामी होतात.

हे दुखणे आजचे नव्हे. इटलीतील पदुआ येथील रामाझिनी या वैद्याने 1713 साली कारकुनांच्या व्याधींवर लिहून ठेवले. सतत बसणे, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून डोक्यावर असलेला ताण, ही तीन कारणे त्याने दिली. आज बोरू गेला, संगणक व मोबाईल आला, पण कारणे तीच राहिली.

शीर दबते म्हणजे काय?

ज्याला आपण "शीर दबली" म्हणतो, ती रक्ताची शीर नसून संवेदना नेणारी मज्जातंतूची दोरी असते. ती मानेच्या मणक्यातून निघून खांदा, कोपर, मनगट अशी बोटांपर्यंत जाते. नाथसागराच्या डाव्या कालव्याचे पाणी घेणाऱ्या आपल्या मंडळींना हे लवकर समजेल. टेलच्या शेताला पाणी कमी आले तर दोष त्या शेतातच असतो असे नाही, वरच्या अंगालाही अडथळा असू शकतो. तसेच बोट बधिर झाले तरी अडचण मनगटात, कोपरात किंवा थेट मानेत असते. ती कुठे आहे याचा अंदाज असा घ्यावा :

1. अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर होते, रात्री जाग येते, हात झटकला की बरे वाटते. दाब बहुधा मनगटात असतो.
2. करंगळी व तिच्या शेजारचे अर्धे बोट बधिर होते. दाब बहुधा कोपराच्या आतील बाजूस असतो. टेबलाच्या कडेवर कोपर टेकून बसणे व कानाला तासन् तास मोबाईल लावणे याला पोषक ठरते.
3. मानेपासून खांद्यामार्गे कळ दंडात उतरते व मान वळविली की वाढते. दोष बहुधा मानेत असतो.

बसायचे कसे?

पाय जमिनीवर पूर्ण टेकावेत. टेकत नसतील तर खाली लाकडी खोके घ्यावे. टेबल कोपराच्या उंचीचे असावे, म्हणजे खांदे वर चढत नाहीत. मनगट सरळ ठेवावे. संगणकाचा पडदा हातभर अंतरावर, त्याची वरची कड डोळ्यांच्या समोर असावी. रजिस्टर सपाट ठेवून मान घालण्यापेक्षा खाली उतरती फळी द्यावी. जुने मुनीम उतरते डेस्क वापरीत, त्यात शहाणपण होते. दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे आणि खांदे मागे फिरवावेत.

सभासदांनाही हे लागू आहे. पाठीवरच्या फवारणी पंपाचे दोन्ही पट्टे खांद्यावर सारखे घ्यावेत. कोयता, खुरपे यांची मूठ पातळ असल्यास कापड गुंडाळून जाड करावी, म्हणजे फार घट्ट आवळावे लागत नाही. हाताने धार काढणाऱ्या भगिनींनी मध्ये मध्ये हात मोकळा करावा.

डॉक्टरकडे केव्हा जावे?

मानेतून आलेली कळ बहुतेकांची काही आठवड्यांत बिनशस्त्रक्रियेने कमी होते. मनगटाच्या दुखण्यात रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा उपयोगी पडतो. पण बधिरपणा सतत राहू लागला, पकड सुटू लागली किंवा अंगठ्याखालचा मांसल भाग बसू लागला, तर दिरंगाई करू नये. वाळलेला स्नायू पुन्हा पूर्ण भरेलच असे नाही. वेळेत केलेली मनगटाची लहान शस्त्रक्रिया मात्र हात वाचविते. मधुमेह व थायरॉईडची तपासणीही करून घ्यावी, कारण त्यातूनही हे उद्भवते.

त्वचेवर बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी लाज न बाळगता करावी. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते व रोग पूर्ण बरा होतो. दोन्ही हात अडखळू लागले आणि चालताना तोल जाऊ लागला, तर लगेच मोठे रुग्णालय गाठावे. छातीत दडपण, घाम व डाव्या हातात कळ, किंवा अचानक एका बाजूचा हात लुळा पडून तोंड वाकडे होणे, ही शीर दबल्याची लक्षणे समजू नयेत. त्या क्षणी 108 ला फोन करावा.

केस कापताना मान कडकड मोडून घेण्याची सवय मात्र सोडा. तो आराम घडीभराचा, धोका जन्माचा.

एक विनंती

बाबा आमटे यांना मणक्याच्या विकारामुळे बसणे अशक्य झाले होते. तरी 1985 साली "भारत जोडो" यात्रेला ते निघाले, प्रवास गाडीत आडवे पडून केला. आजाराला मान देऊन कामाची रीत बदलली, म्हणून काम पुढे गेले.

कार्यालयासाठी नीट खुर्च्या व टेबले घ्यायची म्हटली की सभेत "आमच्या पैशावर चैन" असा सूर निघतो. खुर्ची ही चैन नव्हे. उसाच्या लागणीची तारीख चुकून लिहिली गेली तर तोडीचा क्रम चुकतो, आणि तो ऊस वाळतो तुमचा. लिहिणारा हात धड राहिला तर नोंद धड राहील. म्हणून गटातला कर्मचारी हात झटकताना दिसला तर हसू नका, त्याला दवाखान्याची वाट दाखवा. आणि तुमचाच हात रात्री बधिर होत असेल, तर हंगाम संपण्याची वाट पाहू नका.

— ऊस विकास अधिकारी