मोम्बासाहून : मुलांना भेटायला येणारे

पुण्या-मुंबईच्या मंडळींकडून मला एक प्रश्न हमखास येतो : “तिकडे मिशनवाले अजून गरीब पोरांचं धर्मांतर करतात ना?” एकदाच सविस्तर उत्तर देते. केनियात दर पाच माणसांमागे चाराहून जास्त ख्रिस्ती आहेत. अमेरिकेतून आलेला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा इथल्या अनाथाश्रमात बायबलची गोष्ट सांगायला उभा राहतो, तेव्हा समोरच्या पोरांना ती वचनांसकट पाठ असते. काळजी करायचीच तर वेगळ्या गोष्टीची करा.

अमेरिकेत उन्हाळी सुटी लागली की जून-जुलैत चर्चचे गट इथे उतरू लागतात. सगळ्यांचे टी-शर्ट एकसारखे, बॅगांत फुगे, रंग, पेन्सिली. नेमकं तेव्हाच इथल्या शाळांचं दुसरं सत्र ऐन भरात असतं. जवळच्या एका शाळेत मी अधूनमधून गणित शिकवते. मागच्या जुलैत चौथीच्या वर्गात फळ्यावर भागाकार अर्धा झाला होता, पुढचा आकडा खाली उतरवायचा होता, तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आली. सगळी शाळा पटांगणात गेली. गाणी झाली, चेहरे रंगवून झाले, फोटो झाले. त्या दिवशी वर्ग पुन्हा भरलाच नाही.

आश्रमात पाहवत नाही. सहा-सात वर्षांची एक मुलगी गाडीतून उतरणाऱ्या पहिल्याच बाईचं मनगट धरते आणि जेवतानाही सोडत नाही. उजव्या हातात ते मनगट, डाव्या हातानं मक्याच्या पिठाची उगाली खाते. पाहुणी निघाली की रडते. काही दिवसांनी दुसरा गट येतो, ती दुसरं मनगट धरते. मुलांना सांभाळणाऱ्या बाई मला म्हणाल्या, “हल्ली ती रडत नाही. मला त्याचीच भीती वाटते.”

या मुलीची आजी जवळच्याच गावात राहते. सरकारी प्राथमिक शाळा २००३ पासून मोफत आहे, पण गणवेश, जेवण, वह्या यांना पैसे लागतात, म्हणून नात आश्रमात. अशा आश्रमांतल्या बहुतेक मुलांचं कुणी ना कुणी जवळचं हयात असतं. त्यांना घरापासून तोडते ती गरिबी. केनिया सरकारला हे पटलं आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणीच थांबवली, आणि मुलांना कुटुंबात परत नेण्याचा २०२२ ते २०३२ असा दहा वर्षांचा कार्यक्रम आखला. निराधार मुलं सांभाळणाऱ्या घराला महिना २००० शिलिंग देण्याची योजना तर त्याआधीपासून आहे.

तरीही या पाहुण्यांवर मला रागावता येत नाही. ही मुलं चर्चमध्ये केक विकून, गाड्या धुऊन प्रवासाचे पैसे जमवतात, सुटीत उन्हातान्हात भिंती रंगवतात. आपली किती सुखवस्तू मुलं सुटीत मेळघाटात जाऊन राहतात? मला त्यांचा हेवा वाटतो.

आपल्याकडे तर पाहुणे तासा-दोन तासांचेच. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला वह्यावाटप, वहीवर त्याचाच फोटो. मुलं आठ वाजल्यापासून उन्हात रांगेत, प्रमुख पाहुणे साडेअकराला. कुणाच्या वडिलांच्या स्मृतिप्रीत्यर्थ श्रीखंड, कुणाच्या नातवाचा केक. रविवारी गोडाचा कंटाळा येतो आणि बुधवारी आमटी पातळ असते. संध्याकाळी मुलांचे चेहरे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं अशा मुलांची ओळख प्रसिद्ध करायला मनाई आहे, हे आश्रम चालवणाऱ्यांनी तरी पाहुण्यांना सांगायला नको का? स्वतःच्या मुलाला कुणा अनोळखी माणसासमोर गाणं म्हणायला उभं करून फोटो काढू देऊ का आपण?

मुलांजवळ राहणारेही होऊन गेले आहेत. मोम्बासा बेटासमोर, पलीकडच्या किनाऱ्यावर फ्रेअरटाउन आहे. मुंबईचे एकेकाळचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचंच हे नाव. गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इंग्रजांनी मुंबईत उतरवली. त्यांतली कित्येक नाशिकजवळच्या शरणपूर मिशनमध्ये वाढली, हातात हुन्नर घेऊन मोठी झाली. शोधप्रवासी लिव्हिंगस्टनच्या पार्थिवासोबत इंग्लंडला गेलेला जेकब वेनराइट याच नाशिकच्या शाळेचा. तिथले पाद्री विल्यम प्राइस पुढे इथे आले आणि सुटलेल्या गुलामांसाठी १८७५ च्या सुमारास ही वसाहत उभी राहिली, तेव्हा नाशिकात वाढलेली मंडळी मदतीला होती. या मिशनवाल्यांच्या धर्मप्रसाराबद्दल खुशाल वाद घाला. पण ते मुलांबरोबर वर्षानुवर्षं राहिले. पंडिता रमाबाई केडगावला राहिल्या आणि १९२२ मध्ये तिथेच गेल्या. त्यांच्या आश्रमातल्या मुलींना रोज सकाळी तोच चेहरा दिसत होता. इथल्या त्या मुलीला तो आजीच्या घरी दिसेल.

म्हणून आश्रमाचा पत्ता मागणाऱ्यांना माझी विनंती आहे. मोम्बासाला जरूर या, फोर्ट जीझस बघा, फ्रेअरटाउनची घंटा बघा. मुलं बघायला येऊ नका. पैसे द्यायचे असतील तर आजीजवळ राहणाऱ्या एखाद्या मुलाच्या गणवेशाचे आणि जेवणाचे, दरवर्षी, न चुकता द्या. आणि त्यासाठी केनियापर्यंत यायचीही गरज नाही. महाराष्ट्रात सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत अशा मुलाला घरीच राहून दरमहा २२५० रुपये मिळू शकतात. तुमच्या गल्लीतल्या एखाद्या आजीला हे ठाऊक नसेल, अर्ज भरता येत नसेल. येत्या वाढदिवसाला तिच्याबरोबर जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात जा.